दीडची लेन्स

लेन्स करमरकरांनी स्वतः आणली, शिपायाच्या हाती दिली नाही. पिवळ्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली, वरून दोरी बांधलेली. सव्वा महिन्याचं बाळ पहिल्यांदा घराबाहेर काढावं तशी छातीशी धरून ते गेज रूमचं जाड दार ढकलत आत आले आणि काळ्या दगडी टेबलावर त्यांनी ती अलगद ठेवली.

“वहिनी, दोन दिवस असू द्या तुमच्याकडे. मागचे आटे मोजून द्या. टूलरूममध्ये पितळी स्टँड करायला टाकलाय, त्यात ही नीट बसली पाहिजे.” मग आवाज खाली आणून, “पण जपून हं. युद्धाच्या आधीची जर्मन काच. दीडची. उभ्या मध्य प्रदेशात दुसरी सापडायची नाही.”

“आटेच मोजायचे ना?” मनोरमानं विचारलं.

“मग आणखी काय मोजणार?” करमरकर हसले. “दत्तोपंत काय म्हणताहेत? टाइम ऑफिसात उजेड बरा आहे ना?”

खोलीतले दोघं-तिघं हसले. सहा वर्षं झाली होती, तरी मनोरमाच्या नवऱ्यावरच्या या विनोदाला हसायचा रिवाज मोडला नव्हता. मनोरमानं पुस्तकात नोंद केली, तारीख घातली, आणि मान वर न करता म्हणाली, “परवा घेऊन जा.”

गेज रूम म्हणजे त्या अवाढव्य कारखान्यातली एकुलती एक थंड खोली. बाहेर भोंगा होवो, भट्टी तापो, उन्हाळ्यात बरखेड्याच्या वसाहतीतल्या डांबरी रस्त्याला चपला चिकटोत, इथं बारा महिने वीस अंश. कारखान्यात घडलेला प्रत्येक सुटा भाग इथं येई, या दगडावर मोजला जाई आणि मनोरमा घाटोळे किंवा तिच्यासारख्या कुणाची सही घेऊन पुढं जाई. अठरा वर्षं ती हेच करत होती. केसाच्या जाडीचा विसावा भाग तिच्या बोटांना कळायचा, असं लोक म्हणत. पण तिच्या छातीत जे काय साचलं होतं, ते मोजायला तिथं कुठलंच गेज नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी, म्हणजे शहात्तरच्या फेब्रुवारीत, तिचा नवरा दत्तात्रय या कारखान्याचा फोटोग्राफर होता. काटोलकडचा माणूस, नागपुरात एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये हात काळे करून शिकलेला. बोलायला कमी, बघायला जास्त. कारखान्यानं घडवलेला सगळ्यात मोठा टर्बाइनचा रोटर त्या महिन्यात बाहेर पडायचा होता. दिल्लीचे पाहुणे, हार, नारळ, बँड असा सगळा थाट. दिल्लीच्या कचेरीला नव्या कॅलेंडरसाठी रंगीत स्लाइड्स हव्या होत्या. दत्तात्रयनं फ्लॅशचे दिवे पुसून तयार ठेवले होते. प्रसिद्धी खातं तेव्हा विश्वास करमरकरांकडे होतं. ऐन वेळी ते म्हणाले, “फ्लॅश मारायचा नाही, घाटोळे. पाहुण्यांच्या डोळ्यांवर येतो आणि लोखंडाचा रंग मरतो. ही माझी दीडची घे. पूर्ण मोकळी सोड आणि मार.”

दत्तात्रयनं उजेड मोजायचं मीटर धरलं, आकडा वाचला, लेन्स दीडवर लावली आणि तीन रोल संपवले.

साधी प्रिंट असती तर डार्करूममध्ये सावरून घेता आली असती. स्लाइडला माफी नसते. जेवढा उजेड आत गेला तेवढंच चित्र. रोल मुंबईला धुवायला गेले, तीन आठवड्यांनी परत आले. खिडकीशी धरून बघितले तर रोटर काळा, हार काळे, आणि दिल्लीचे पाहुणे विहिरीच्या तळाशी उभे असल्यासारखे.

मीटिंगमध्ये करमरकर म्हणाले होते, “लेन्स माझी, फिल्म परदेशी, मीटर सरकारी. आता हात यांचा, त्याला मी काय करू? काटोलला ऊन जास्त असतं, तिथं चालून जात असेल.”

तेव्हापासून दत्तात्रय घाटोळेचं नाव ‘अमावस्या स्टुडिओ’ पडलं. महिनाभरात त्याची बदली टाइम ऑफिसात झाली. लोक कधी आले, कधी गेले, याची कार्डं लावायची. कॅमेरा त्यानं स्टोअरला जमा केला, पोचपावती घेतली, आणि पुन्हा कुठल्याच कॅमेऱ्याला हात लावला नाही. भाचीच्या लग्नात कुणीतरी हौसेनं त्याच्या हाती कॅमेरा दिला, तर तो हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

मनोरमाची आई जात्यावर बसली की ओव्या रचायची. मनोरमाकडे जातं नव्हतं, पण चाल कानात होती. कामावर जाता-येता, पळसाच्या झाडांखालून चालताना, सहा वर्षं ती एकच ओवी मनात फिरवत होती:

राग दळाया बसले, खुंटा धरला मुठीत
पीठ सांडलं जगाचं, खडा राहिला ओटीत

आणि आता त्या माणसानं आपल्या हातानं, आपल्या पायानं येऊन ती लेन्स तिच्या दगडावर ठेवली होती.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली. आटे मोजायला तिला पाच मिनिटं लागली. मग तिनं लेन्स उलटी केली आणि पुढच्या कड्यावरचे बारीक कोरलेले आकडे वाचले. एक पंच्याऐंशी. दुसरा दीड.

हे आकडे काय सांगतात ते तिला दत्तात्रयनंच शिकवलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, इंद्रपुरीतल्या भाड्याच्या खोलीपुढं बाज टाकून दोघं बसायची तेव्हा. “लेन्सची लांबी घे, आतून जाणाऱ्या उजेडाच्या रुंदीनं तिला भाग. येतो तो हा आकडा. आकडा जेवढा लहान, डोळा तेवढा मोठा.” तिला तेव्हा गंमत वाटली होती. हाही बिचारा मोजमापाचाच माणूस, असं वाटून तो जरा जास्तच आवडला होता.

पंच्याऐंशीला दीडनं भागलं की जेमतेम सत्तावन्न. म्हणजे आतून सत्तावन्न मिलिमीटर रुंदीचा उजेड निघायला हवा.

तिनं काळ्या कागदाला सुईनं भोक पाडलं. कॅमेऱ्यात फिल्म जिथं असते, बरोबर तेवढ्या अंतरावर लेन्सच्या मागे तो कागद उभा केला. त्याच्यामागे टॉर्च. दिवे मालवले. सुईच्या टोकाएवढा उजेड मागून आत शिरला आणि पुढून सरळ झोत होऊन बाहेर पडला. समोर लावलेल्या पांढऱ्या कागदावर एक गोल चंद्र उमटला. तिनं पेन्सिलनं त्याची कड गिरवली आणि मोजली.

साडेबेचाळीस.

गेज रूमचा नियम तीन वेळा मोजायचा. तिनं सात वेळा मोजलं. साडेबेचाळीस, साडेबेचाळीस. पंच्याऐंशीला साडेबेचाळीसनं भागायला शाळेत जावं लागत नाही. दीडची म्हणवणारी लेन्स दोनची होती. हवा होता त्याच्या निम्म्याहून जरासाच जास्त उजेड तिच्यातून जात होता. दत्तात्रयचं मीटर बरोबर होतं. हातही बरोबर होता. काळा पडला होता तो या काचेच्या खोटेपणानं.

मनोरमाला हसू आलं. अंधारात एकटीच ती हसली. आता बघते तुला, मनात म्हणाली, आता बघतेच.

मग तिनं दिवे लावले आणि खोटं नेमकं कुठं आहे ते बघायला लेन्सला डोळा लावला. पुढची काच भली मोठी होती. पण तिच्या पाठीमागे, आतल्या काळोखात, एक जाड रिंग बसवलेली. काळा रंग एके ठिकाणी टवका जाऊन उडाला होता आणि तिथं पितळ चमकत होतं. जर्मनांनी घातलेली ती रिंग नव्हती. लेथवर घाईनं काढलेली होती; कड तशीच सोडलेली. असं काम कुठलं, ते तिनं झोपेतही ओळखलं असतं. इथलंच. याच कारखान्याच्या टूलरूमचं.

आणि टूलरूमचा नग म्हणजे तो याच दगडावरून, सहीनिशी गेलेला.

कपाटातून तिनं शहात्तरचं मोठं रजिस्टर काढलं. जानेवारी. एकोणीस तारीख. ‘पितळी रिंग, एक नग. आतील व्यास अडतीस. नकाशाप्रमाणे ठीक.’ अडतीसचंच भोक पुढच्या काचांतून पसरून साडेबेचाळीसचा झोत देत होतं. खाली निळ्या शाईत, वळणदार, नीटनेटकी सही. मनोरमा घाटोळे.

तिला आठवलं. पचमढीच्या सहलीहून आल्यावर करमरकर लंगडत होते. दगडावरून घसरलो म्हणाले होते. मग एके दिवशी हातानं काढलेलं एक रेखाटन घेऊन आले. “वहिनी, घरचं एक काम आहे, एवढं बघून द्या.” त्यांच्याबरोबर लेन्सही घसरली असणार. आतली नाजूक रिंग मोडली असणार. या लेन्सचं तोंड अजून कुणी उघडलेलं नाही, ही त्यांची मोठी फुशारकी. म्हणून बाहेर दुरुस्तीला न देता गुपचूप इथंच नवी करवली. आणि मजबुतीसाठी, इंजिनिअर माणूस, आतून चांगली जाड काढली. टर्बाइनला जाड रिंग बरी. डोळ्यात ती मोतीबिंदू बनून बसते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

तिच्याही आलं नाही. गेज रूमचा धर्म सोपा होता. नकाशा बघायचा, नग बघायचा, जुळलं की सही ठोकायची. नकाशाच चुकला असेल तर? ते विचारणं दुसऱ्या खात्याचं काम. अठरा वर्षं ती या धर्मानं वागली होती, आणि नवऱ्याच्या डोळ्यावर पडदा पाडणाऱ्या रिंगला तिनं स्वतःच्या हातानं ‘ठीक’ म्हटलं होतं.

संध्याकाळी क्वार्टरच्या मागच्या पायरीवर दत्तात्रय मेथी निवडत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. रिंगचं, रजिस्टरचं, सहीचं. काही लपवलं नाही. तो ऐकत होता आणि पानं खुडत होता.

“सही तुझी आहे?” शेवटी त्यानं विचारलं.

“हो.”

“मग बोलू नको. चोरून केलेलं काम तू पास केलं, असं निघंल. नोकरी जाईल तुझी. माझं काय, माझं झालं आता.”

“काऊन झालं? बावन्न वर्षांच्या माणसाचं काय होऊन जाते?”

“जाऊ दे ना बाप्पा, मनू.”

ते ‘जाऊ दे’ तिला करमरकरांच्या विनोदापेक्षा जास्त लागलं. सहा वर्षं हा माणूस प्रत्येक गोष्टीला जाऊ दे म्हणत होता. सूड घ्यायचा तर तो दोघांच्या वाटणीचा आपल्यालाच घ्यावा लागणार, हे तिनं त्याच वेळी धरून चालायला सुरुवात केली.

स्टँड तयार झाला. लेन्स त्यात चपखल बसली. मनोरमानं करमरकरांना निरोप धाडला, “तुम्ही कशाला त्रास घेता, रविवारी हॉलवर मीच घेऊन येते.” ते खूश झाले.

रविवारी बरखेड्याच्या हॉलमध्ये मराठी मंडळानं करमरकरांचा निरोपसमारंभ ठेवला होता. पंधरा दिवसांनी ते निवृत्त होणार होते. अरेरा कॉलनीतलं घर रंगवून तयार होतं. भिंतींवर त्यांची साठ छायाचित्रं. मधोमध टेबल, त्यावर ही लेन्स. ती ते हौशी फोटोग्राफरांच्या छाया मंडळाला भेट देणार, आणि दरवर्षी उत्तम फोटोग्राफरच्या घरी ती मानानं राहणार. अकरा वाजताच हॉल भरला. पोहे-जिलेबीचा वास, नव्या साड्या, कडक इस्त्र्या. दत्तात्रय आला नव्हता.

मनोरमा बायकांच्या घोळक्यातून निघून भिंतीच्या कडेनं चालत गेली. चष्मा लावून. चित्रं ती बघत नव्हती, खालच्या चिठ्ठ्या बघत होती. छाया मंडळाचा रिवाजच होता: प्रत्येक चित्राखाली चिठ्ठी, लेन्सचा आकडा काय ठेवला, वेग किती, साल कोणतं. शिकणाऱ्यांसाठी. करमरकर यात फार काटेकोर. बासष्ट, दीड. अडुसष्ट, दीड. त्र्याहत्तर, दीड. पंच्याहत्तर, दीड. मग शहात्तरचा मार्च. ती थांबली. मागे गेली, पुन्हा पुढं आली, शेवटच्या चित्रापर्यंत जाऊन आली. तिचे कान तापले.

छाया मंडळाचे सेक्रेटरी जयंतराव माइकवर म्हणाले, “आता आपल्या घाटोळेबाई ही ऐतिहासिक लेन्स साहेबांच्या हाती देतील, आणि साहेब ती मंडळाच्या हाती. नंतर स्लाइड शो आहे, त्यामुळे पडदे आधीच ओढलेत, कुणी घाबरू नका.”

हशा. मनोरमा टेबलापाशी गेली. पिशवीतून तिनं टॉर्च काढला, भोक पाडलेला कागद काढला.

“आमच्या खात्याचा नियम आहे,” ती म्हणाली. “आमच्या टेबलावर आलेली वस्तू मोजल्याशिवाय परत जात नाही. ही दीडची म्हणून आली होती. मी मोजली. ही दोनची आहे.”

मग करमरकर मोठ्यानं हसले.

“वहिनी, आटे मोजायला सांगितले होते मी! अहो, काच डोळ्यांना दिसतेय.” त्यांनी पुढं येऊन जयंतरावांच्या खिशातली स्टीलची पट्टी ओढली आणि लेन्सच्या तोंडावर आडवी धरली. “सत्तावन्न. वाचा जयंतराव. पंच्याऐंशी भागिले सत्तावन्न? बोला, इंजिनिअर आहात ना सगळे?”

“दीड!” दोन-चार आवाज आले. कुणी टाळ्याही वाजवल्या. पट्टी आडवी पडली की या गावच्या माणसाचा विश्वास बसायचाच.

“काच मोजलीत,” मनोरमा म्हणाली. “उजेड कुठं मोजलात? जयंतराव, दिवा घालवा.”

दिवा गेला. टॉर्च लागला. समोरच्या पांढऱ्या पडद्यावर तो छोटा चंद्र उमटला.

“या, ज्याला यायचं त्यानं या आणि मोजा.”

जयंतराव गेले. पट्टी लावली. वाकले, पुन्हा लावली. “साडेबेचाळीस,” ते पुटपुटले. मग आणखी दोघं उठले. मग चौघं. प्रत्येकजण मोजायचा आणि जागेवर जाताना करमरकरांकडे बघायचं टाळायचा.

“असेल!” करमरकर म्हणाले. “जुनी काच. जर्मनांनी आकडा फुगवून कोरला असेल. मला काय स्वप्न पडलं होतं?”

“जर्मनांना नावं ठेवू नका. त्यांनी खरंच कोरलं होतं. आत पितळी रिंग आहे, ती त्यांची नाही. पचमढीत पडल्यावर तुम्ही टूलरूममध्ये करवलीत. रजिस्टरात आहे. एकोणीस जानेवारी शहात्तर.”

“त्या रिंगवर सही कोणाची आहे, तेही सांगा की!” आता ते खरे करमरकर होते, मीटिंगमधले. “तुमची! पास तुम्ही केलीत!”

बायकांत कुजबुज झाली. मनोरमानं सगळ्यांकडे तोंड केलं.

“माझी. मी पास केली. नवऱ्याची रोजी ज्या रिंगनं खाल्ली तिला मी ठीक म्हटलं. त्याची जी शिक्षा असेल ती मी घेईन. पण मला माहीत नव्हतं. यांना होतं. जयंतराव, भिंतीवरच्या चिठ्ठ्या वाचा. फक्त लेन्सचा आकडा आणि साल.”

जयंतराव दिवा लावून भिंतीकडे गेले. नको असलेलं काम करणाऱ्या माणसाच्या आवाजात वाचू लागले. “एकाहत्तर, दीड. बहात्तर, दीड. चौऱ्याहत्तर, दीड. पंच्याहत्तर, दीड. शहात्तर, दोन. सत्त्याहत्तर, दोन. सत्त्याहत्तर, दोन-आठ. अठ्ठ्याहत्तर, दोन…” ते थांबले. “पुढं दीड नाही.”

“एकही नाही,” मनोरमा म्हणाली. “लेन्स तीच. माझ्या नवऱ्याच्या स्लाइड्स मार्चात काळ्या आल्या आणि त्याच मार्चापासून साहेबांनी दीड लिहायचं सोडलं. स्वतःच्या चिठ्ठीवर खोटं लिहिलं नाही हं, काटेकोर माणूस! मीटिंगमध्ये मात्र खुशाल बोलले. काटोलच्या उन्हाचं बोलले. अमावस्या बोलले.”

करमरकरांच्या कपाळावरची शीर उडत होती. ते म्हणाले, “तेव्हा सांगितलं असतं तर… घरचं काम कारखान्यात करवलं, ते निघालं असतं. माझं प्रमोशन त्याच महिन्यात होतं.”

“वहिनी, जाऊ द्या,” पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. “आज त्यांचा दिवस आहे.”

“माझ्या नवऱ्याचाही एक दिवस होता,” ती म्हणाली. मग करमरकरांच्या अगदी जवळ जाऊन हळू बोलली, पण माइक चालू होता. “आत्ता घरी चला. त्यांच्या तोंडावर सांगा. नाहीतर उद्या सकाळी रजिस्टर घेऊन मी चीफ साहेबांच्या केबिनमध्ये. माझी नोकरी जाईल, तुमची निवृत्ती अडकेल. मी तयार आहे. तुम्ही?”

ते निघाले. चालतच. मनोरमा पुढं, करमरकर मागे, त्यांच्यामागे जयंतराव आणि उत्सुकतेनं निघालेली दहा-बारा माणसं. पळस फुलून गेला होता, रस्ताभर शेंदरी सडा पडला होता. तिला वाटलं, आता आपले हे म्हणतील ‘असू द्या साहेब’. पाणी देतील. बसा म्हणतील. त्यांच्या त्या भलेपणाचाच तिला आत्तापासून राग येत होता.

दत्तात्रय फाटकाशी उकिडवा बसून सायकलच्या साखळीला तेल देत होता. माणसं बघून उठला. हात काळे.

करमरकर फाटकाबाहेर थांबले. “घाटोळे,” ते पुटपुटले, “ते… शहात्तरचं. तुमची चूक नव्हती. लेन्सचा दोष होता. मला नंतर कळलं होतं.”

दत्तात्रयनं चिंधीनं एकेक बोट पुसलं.

“ऐकू आलं नाही,” तो म्हणाला.

मनोरमानं चमकून बघितलं.

“तुमची चूक नव्हती,” करमरकर जरा मोठ्यानं म्हणाले.

“कोणाची?”

“दत्तात्रय घाटोळेंची. दत्तात्रय घाटोळेंची चूक नव्हती. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही.”

शेजारच्या क्वार्टरची खिडकी उघडली. शालिनीबाई ओल्या हातांनी बाहेर डोकावल्या. दत्तात्रयनं त्यांच्याकडे बघितलं, मग करमरकरांकडे.

“यांच्या मालकांनी होळीच्या दिवशी माझ्या तोंडावर अमावस्या म्हटलं होतं. तुमच्याकडूनच शिकले. त्यांना सांगितलं?”

“घाटोळे, सगळ्या हॉलसमोर झालंय आता…”

“हॉलमध्ये मी नव्हतो.” तो फाटक उघडून बाहेर आला. आवाज चढला नव्हता. कार्ड लावताना ‘तुमचं कार्ड’ म्हणायचा तसाच होता. “या लाइनीत आमचं सोडून बारा क्वार्टर आहेत. सहा वर्षं मी या बारा दारांपुढून सायकल हातात धरून जातो. बसून जात नाही, कोणी मागून हसलं तर ते ऐकू आलं पाहिजे म्हणून. चला. पहिलं हे.”

सकाळच्या प्रहरी दारोदार जाऊन दान मागणारे फिरस्ते असतात, तसे करमरकर शालिनीबाईंच्या पायरीपाशी उभे राहिले. कोटाला अजून समारंभाचा गुलाब खोचलेला. त्यांनी सांगितलं. दत्तात्रयनं मान हलवली आणि पुढच्या दाराकडे बोट केलं. तिथं आजारी म्हातारे होते, ते बाहेर येईपर्यंत सगळे उन्हात थांबले. तिथंही सांगितलं. जयंतराव आणि बाकीची माणसं एकेक करून मागच्या मागे गळायला लागली.

तिसऱ्या दाराशी मनोरमा पुढं झाली. सहा वर्षं तिनं हेच मागितलं होतं, आणि आता तिला करमरकरांच्या मानेवरचा घाम बघवत नव्हता.

“अहो, पुरे आता,” ती म्हणाली.

दत्तात्रय वळला. इतक्या वर्षांत त्यानं तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. रागानं नाही, एखाद्या नगाकडे बघावं तसं, नीट, कुठलीच घाई न करता.

“रिंगवर सही तुझी होती ना?”

“हो.”

“मग तूही चल. ते बोलले की तू बोल.”

लाइनीतल्या दाराआडून बायका बघत होत्या, ज्यांच्याबरोबर तिनं पापड लाटले होते, ज्यांच्या लेकींना ओट्या भरल्या होत्या. ती करमरकरांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दार उघडलं. करमरकरांनी सांगितलं, आता त्यांचा आवाज बसला होता. मग तिनं पदर सावरला.

“आणि ती रिंग मी पास केली होती,” ती म्हणाली. “नकाशा बघून. काही न विचारता.”

दत्तात्रयनं मान हलवली. नऊ दारं उरली होती. तो पुढं चालू लागला, आणि ती दोघं त्याच्यामागे.